मिठात काही जगत नाही

नवरा घरातसुद्धा काळा चष्मा घालून बसायला लागला, तेव्हा नकलाबाईला आधी हसूच आलं.

आगरावर चष्मा सगळेच घालतात. ऊन मिठावर आपटून वर उसळलं की उघड्या डोळ्यांनी उभं राहायची कोणाची टाप नाही. पण घरात, भिंतीकडे तोंड करून जेवताना?

"अहो, ताट दिसतंय ना? की भरवू?"

"डोळे आलेत."

"आलेत तर बसवा त्यांना, चहा टाकते."

नवरा हसला नाही. अर्धं जेवण टाकून उठला, आणि उठताना त्यानं उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला. नकलाबाईनं ते पाहिलं. दुपारी शेजारणींसमोर तिनं त्याची नक्कलही करून दाखवली. डोळ्यांवर दोन झाकणं धरून भिंतीला नमस्कार करणारा नवरा. बायका पोट धरधरून हसल्या. आगरावरच्या प्रत्येकाची नक्कल तिला यायची. मुकादमाची चाल, वजनकाट्यावरच्या बाबूचं शिंकणं, सगळं. म्हणून तर तिला खऱ्या नावानं कोणी हाक मारतच नव्हतं.

पण दोन-तीन दिवसांनी काय झालं, नवरा पिंपाजवळ तोंड धूत होता. चष्मा पिंपाच्या कडेवर. ती मागून बादली घेऊन आली. तो वळला, आणि वर ऊन, खाली पांढरंशुभ्र मीठ, असल्या उजेडात त्याचे डोळे तिला लख्ख दिसले. बुबुळाभोवती पांढरं काही उरलंच नव्हतं. इंजिनात घालायचं नवं तेल असतं ना, तसला पिवळा रंग.

त्यानं झटकन चष्मा चढवला. "काय बघतेस?"

"काही नाही. तोंडाला साबण राहिलाय."

साबण-बिबण काही नव्हता. बादली मात्र तिच्या हातातून सुटली, आणि गोडं पाणी, जे लांबून डोक्यावरून आणावं लागायचं, ते सगळं मातीत गेलं. आणि नवरा एका शब्दानं ओरडला नाही. तिला खरी भीती तिथे वाटली.

कारण तो रंग तिनं आधी पाहिला होता. पैलवानाच्या डोळ्यांत.

पैलवान म्हणजे आगरावरचा सगळ्यात दांडगा गडी. इतरांना दोन हातांनी न पेलणारं दंताळं तो एका हातानं ओढायचा. आता खोलीबाहेर खाटेवर पडून असायचा. हातपाय काड्यांसारखे, आणि पोट हे एवढं. सगळं पाणी भरलेलं. मुकादम म्हणायचा, दारूनं खाल्ला. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस! नकलाबाई येता-जाता त्याला पाणी द्यायची, तेव्हा तो पोटावर हात फिरवून म्हणायचा, "वहिनी, कितवा महिना वाटतो?"

"जुळं आहे भाऊजी. बारशाला बोलवा."

"नाव काय ठेवायचं?"

यावर मात्र ती पाण्याचं भांडं उचलून चालू लागायची.

*

यंदा हंगामाचं गणितच बिघडलं होतं. ढग लवकर यायला लागले होते. कप्प्यांत मीठ धरलेलं, जाड पापुद्रा आलेला, आणि आभाळ रोज दुपारी काळं. एक सर आली की सगळं विरघळून समुद्रात. मुकादम बांधावरून फिरत ओरडायचा, "ओढा रे, ओढा! आभाळाला तुमच्यासारखी कंबरदुखी नाही!" पुरुष दंताळ्यानं पापुद्रा फोडायचे, ढीग बांधाकडे ओढायचे. बायका पाट्या भरून डोक्यावरून वाहायच्या. पायांच्या भेगांत खारं पाणी शिरलं की टाळूपर्यंत झिणझिण्या. संध्याकाळी बोटं मिटायची नाहीत, सकाळी मिटलेली उघडायची नाहीत.

अशा हाडांनी ढीग वाढत कसे होते? मुकादमाला ठाऊक होतं, पण तो विचारायचा नाही. अवजारांची पत्र्याची शेड होती, दाराला गोणपाट लावलेलं. कामाआधी आणि जेवणाच्या सुट्टीत पुरुष तिकडे जायचे. मिठाच्या ट्रकवरचा क्लीनर माल आणून द्यायचा. बायका एकमेकींना म्हणायच्या, औषध घ्यायला गेलेत. बाहेर आले की तेच पुरुष बैलासारखे जुंपून घ्यायचे. दुखणं म्हणून काही नाहीच. पुढे पुढे तर दुखण्यासाठी नाही, नुसतं अंथरुणातून उठता यावं म्हणून औषध लागायला लागलं.

आणि नकलाबाईचा नवरा या सगळ्यांत शहाणा. शेडचा कायदा त्यानंच बसवला होता. ज्याची सुई त्याची. कोणी तंबाखूच्या डबीत ठेवायचा, कोणी मोज्यात. दुसऱ्याच्या सुईला हात लावला तर कानाखाली. शिवाय फळीवर एक टवका उडालेला मग असायचा, रोज सकाळी कप्प्यातल्या खाऱ्या पाण्यानं भरलेला. त्यात आपापली सुई, आपापली नळी धुवायची, आधी आणि नंतर. पहिला मान थोरल्याचा, म्हणजे त्याचाच, मग त्याच्या धाकट्या भावाचा, मग बाकीच्यांचा.

"शहरात मरतात लेकाचे," तो म्हणायचा, "घाणीमुळे मरतात. आपल्याकडे मीठ आहे. मिठात काही जगत नाही."

हे खोटं कसं म्हणायचं? मासा खारवला की वर्षभर टिकतो. त्या कप्प्यांत शेवाळ धरत नाही, माशी पडली तर कडक होऊन निघते. मिठागरावर जन्मलेल्या माणसाला याहून मोठं सत्य माहीतच नव्हतं.

नकलाबाईलाही नव्हतं. हंगामाच्या सुरुवातीला ती पाटीसकट बांधावरून घसरली होती. खांदा असा धरला, की ओरडायलाही श्वास पुरेना. तेव्हा नवऱ्यानं शेडमध्ये नेऊन तिलाही दिलं होतं. स्वतःची सुई त्या मगात दोनदा धुऊन. परत दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी खांदा बराच बरा होता, तरी तिचे पाय आपोआप शेडकडे वळले, आणि ती अर्ध्या वाटेत थांबली. इतकं बरं वाटणं चांगलं नाही, एवढंच तिला कळलं. पुन्हा गेली नाही.

आता मात्र ती रोज सकाळी डब्याच्या स्टीलच्या झाकणात स्वतःचे डोळे बघायची. खालची पापणी ओढून. झाकण जुनं, पोचे आलेलं. त्यात सगळंच पिवळट दिसायचं.

*

वजनकाट्याजवळ आठवड्यातून एकदा दवाखान्याची गाडी यायची. तीत एक सिस्टर, ठेंगणी, आवाज मात्र भोंग्यासारखा. तिनं पैलवानाचं रक्त नेलं होतं आणि तेव्हापासून ती मुकादमाच्या मागे लागली होती, की सगळ्यांचं तपासू द्या. मुकादम म्हणायचा, हंगाम संपू दे. या वेळी ती गाडीतून उतरून थेट चहाच्या सुट्टीत घुसली.

"पैलवानाला झालंय ते रक्तातून पसरतं," ती म्हणाली. "लिव्हरला धरतं. सुई वापरत असाल तर रागावणार नाही मी. तपासून घ्या."

पुरुष आपल्या चहात बघत बसले. शेवटी नकलाबाईचा नवराच बोलला, चष्म्याआडून. "सिस्टर, समजा कोणी वापरत असेल. समजा हं. आणि ज्याची सुई त्याची असेल, तर?"

"धुता कशात?"

"खाऱ्या पाण्यात."

"सगळे एकाच भांड्यात?"

"अहो, खारं पाणी! त्यात माशी मरते!"

"हा आजार म्हणजे माशी नाही," सिस्टर म्हणाली. "मिठाला नाही ऐकत तो. तुमचं भांडं एक, तर सुया वेगळ्या असून उपयोग शून्य."

एक जण खो खो हसला. मग सगळेच. "सिस्टर, मीठ आम्हाला शिकवू नका!" धाकटा दीर तर म्हणाला, "पुढच्या खेपेला समुद्रच तपासून घ्या!"

सिस्टरनं सगळ्यांचं हसणं होऊ दिलं. मग म्हणाली, "पुढची खेप शेवटची. पाऊस लागला की तुमचा रस्ता पाण्याखाली जातो, गाडी थेट पावसाळ्यानंतर. लवकर कळलं तर गोळ्या आहेत, तीन महिन्यांच्या, बहुतेक जण बरे होतात. उशीर झाला तर…" तिनं पैलवानाच्या खाटेकडे नुसतं पाहिलं.

त्या संध्याकाळी नकलाबाईनं नवऱ्याचा चष्मा आपल्या हातानं काढला. त्यानं काढू दिला. दमलेला होता, अंगाला खाज सुटलेली, हातांवर ओरखडे.

"तपासून घ्या."

"आणि निघालं म्हणजे? मुकादम खोली खाली करायला लावेल. धाकट्यालाही हाकलेल."

"नाही तपासलं म्हणजे तुम्ही बरे होणार आहात का?"

"अगं, मीठ—"

"मीठ, मीठ! पैलवान भाऊजी त्याच मगात धुवायचे ना?"

नवरा एकदम लहान आवाजात म्हणाला, "मी बसवलाय तो कायदा. धाकट्याला पहिल्यांदा मी नेलं शेडमध्ये. तुला मी दिलं. सिस्टरचं खरं असेल तर मी काय केलंय, सांग ना." आणि चष्मा परत चढवला.

म्हणजे घोडं इथे अडलं होतं तर. रोगाची भीती होतीच, पण सिस्टरचं खरं निघण्याची भीती त्याहून मोठी. नकलाबाईला हे कळलं. रडून, भांडून, पाया पडून हा माणूस हलणार नव्हता. आणि हा हलल्याशिवाय शेडमधला एकही गडी हलणार नव्हता. सगळे त्याच्याकडे बघून चालायचे.

आता नकलाबाईला आयुष्यात एकच गोष्ट धड यायची. खोड्या काढणं. मुकादमाच्या बुटांत तिनं जिवंत खेकडा सोडला होता. बाबूच्या वजनकाट्याखाली एकदा वीट सरकवून त्याला सकाळभर घाम फोडला होता. तिनं विचार केला, शहाणपणानं होत नसेल तर आपल्या पद्धतीनं बघू.

*

गाडी यायच्या दिवशी सकाळी नवरा चहा पीत असताना तिनं छपराच्या वाशातली त्याची सुईची डबी काढली. तिचा जिवाचा माणूस ज्या वस्तूनं मरत होता, ती वस्तू तिनं पहिल्यांदाच हातात घेतली होती. फडक्यात धरून, टोक लांब ठेवून. पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ तिनं थेंबभर पाण्यात कालवली होती. नखाएवढी, जास्त नाही. ती नळीत आत माखून ठेवली. डबी होती तशी वाशात. मग हात इतके घासून धुतले, की कातडं लाल झालं, तरी नखांतली निळाई गेली नाही.

शेडमध्ये खिडकी नाही. अंधार, आणि नवऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा. बाकीचे नुकते उन्हातून आत गेलेले. नकलाबाई गोणपाटाबाहेर उभी राहून कान देत होती. आतून नळ्यांची चूळ भरल्यासारखा आवाज. एक. मग दुसरा, तो धाकट्या दिराचा, तो धुताना शीळ घालायचा. मग बाकीचे. कोणी म्हणालं, "आज पाणी गढूळ वाटतंय रे." कोणी म्हणालं, "डोळे गढूळ झालेत तुझे."

उशीर झाला आणि एखाद्यानं तसंच टोचून घेतलं तर? तिनं दोन्ही हातांनी गोणपाट धरलं आणि खिळ्यांसकट ओढून काढलं.

ऊन धाडकन आत पडलं.

"कोण आहे? ए, पडदा लाव!"

"कोणी काही टोचायचं नाही!" ती ओरडली. "आधी हात बघा आपापले!"

सगळ्यांनी हात बघितले. माणूस सांगितलेलं लगेच करतो तेव्हा तो खूप घाबरलेला असतो. बोटं निळी. नळ्यांच्या आत निळं. धाकट्यानं सुई शर्टाला पुसली होती, शर्टावर निळी रेघ. एकानं टोपी काढून कपाळ पुसलं होतं, त्याचं कपाळ निळं. आणि फळीवरचा मग, त्यात आभाळ उतरल्यासारखं.

"हे काय आहे, वहिनी?" धाकटा म्हणाला.

"नीळ. नखाएवढी. एकाच्याच सुईत घातली होती."

"कोणाच्या?"

तिनं नवऱ्याकडे बोट केलं नाही. गरजच पडली नाही. तो आपल्या हातातल्या नळीकडे बघत होता, मग मगाकडे, मग एकेकाच्या हाताकडे. सगळ्यात जास्त वेळ धाकट्याच्या शर्टाकडे. चष्मा त्यानं कपाळावर सरकवला होता, बहुधा नीट दिसावं म्हणून, आणि त्याच्या लक्षात आलं नाही, की आता त्याचे डोळे सगळ्यांना दिसताहेत.

कोणीतरी हळूच म्हणालं, "आयला. थोरल्यालापण."

"खारं पाणी होतं ना?" नकलाबाई म्हणाली. "मेली का नीळ त्यात?"

एक जण अंगावर धावून आला. "बाई, आमच्या औषधात रंग घालतेस? मेलो असतो आम्ही!"

"तेच सांगतेय भाऊ."

त्याचा उगारलेला हात तसाच राहिला. त्याचं लक्ष स्वतःच्या निळ्या बोटांकडे गेलं, आणि तो ती पँटला पुसायला लागला. पुसत राहिला. पुसून जाण्यासारखी ती नीळ नव्हती.

बाहेर वजनकाट्याकडून गाडीचा भोंगा वाजला.

*

सिस्टरनं गाडीच्या सावलीत एक लोखंडी खुर्ची मांडली. पुरुष लांब बांधावर घोळका करून उभे. कोणी पुढे येईना, कोणी कामावरही जाईना. मुकादम आला, तोंड उघडलं, सगळ्यांचे हात बघितले आणि मिटलं. आभाळ काळं होत चाललेलं. सिस्टर वर बघत होती, ड्रायव्हर रस्त्याकडे.

पैलवान खाटेवर कोपरावर उठून बसला होता. "अरे, जा रे!" तो तिथून ओरडला. आवाज कसला, नुसती हवा. "मला कोणी सांगितलं असतं तर मी उड्या मारत गेलो असतो, गाढवांनो!"

तरी कोणी हललं नाही.

मग नकलाबाई गेली. पदर खोचून, मुकादमासारखी छाती काढून. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. ती खुर्चीत बसली, बोट पुढे केलं, आणि तिचे गुडघे उडायला लागले. खुर्चीचा एक पाय तोकडा होता, ती दगडावर खडखड वाजायला लागली. थांबवायला गेली तर जास्तच. दातसुद्धा एकमेकांवर आपटायला लागले.

बांधावर हशा फुटला. "बघ, बघ! घाबरल्याची नक्कल करतेय!" "वहिनी, थोरल्याची की काय ही?" हसता हसता ते जवळ आले. रांग म्हणावी अशी काहीतरी झाली. तिनं त्यांना हसू दिलं. डोळे फिरवून दाखवले, जीभ बाहेर काढली. सिस्टरला मात्र तिचा बर्फासारखा हात लागत होता. तिनं तो आपल्या दोन हातांत घट्ट धरला आणि मग टोचलं.

रक्ताचा थेंब एका छोट्या पट्टीवर. पट्टी ट्रेमध्ये. "थांबायचं आता थोडं," सिस्टर म्हणाली. "एक रेघ आली तर नाही. दोन आल्या तर आजार अंगात शिरलेला. मग मोठी तपासणी, मग गोळ्या."

एक रेघ आली. नकलाबाईनं श्वास सोडला. तिला शेड आठवली, खांद्यातली कळ ओसरताना वाटलेलं ते लोण्यासारखं सुख आठवलं. मग पट्टीवर, आधी वाटलं डोळ्यांना भास होतोय, अशी फिकट, मग गडद होत गेलेली दुसरी रेघ आली.

"काय आलं, वहिनी?" धाकट्यानं मागून मान लांबवली.

तिनं पट्टीवर हात ठेवला. सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढची पट्टी काढायला घेतली. आता ही रांग मोडली तर पुन्हा होणार नव्हती, हे दोघींनाही कळत होतं.

"सांगते," नकलाबाई म्हणाली. "घाई काय आहे? आधी यांना बसू दे. थोरल्याचा मान पहिला, मी मध्येच घुसले."

नवरा आला. वाटेत त्यानं चष्मा कपाळावरून काढून खिशात ठेवला होता. पिवळे डोळे सगळ्यांसमोर उघडे. ती उठली, तो बसला, आणि जागा करून देताना तिनं पट्टीवरचा हात जरासा उचलला. फक्त त्याला दिसेल एवढा.

त्यानं दोन्ही रेघा पाहिल्या. निळ्या नखांचा तो हात पाहिला, आणि मग वर तिच्याकडे.

"अहो, बोट द्या," ती म्हणाली. "सिस्टर खोळंबल्यात."

त्यानं बोट पुढे केलं. खुर्ची पुन्हा खडखड वाजायला लागली. या वेळी मागे कोणी हसलं नाही.